सोनचाफा नगरीची यादी

क्षितिजा चुरी हिचं नालासोपारा पश्चिमेला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर प्लास्टिकच्या चार खुर्च्या. पॅनकार्ड, रेशनकार्डाची केवायसी, शाळेचे प्रवेश, लाइट बिलावरचं नाव बदलणं, असं सगळं तिथं होतं. चौदा वर्षांत लोकांनी तिच्या टेबलावर काय काय आणून ठेवलं याला गणती नाही. आधारकार्ड, पासबुक, घटस्फोटाचे कागद, एचआयव्हीचा रिपोर्टसुद्धा. ओटीपी आला की माणसं तो मोठ्यानं वाचून दाखवायची, मागं रांगेत दहाजण उभे असताना. ‘हळू सांगा’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘त्यात काय लपवायचंय?’

राजकारणाशी तिचा काही संबंध नव्हता. तो आला रखमाबाईंमुळं. रखमाबाई स्टेशनबाहेर भाजी विकायच्या. आयुष्यभर दोरे आणि जुड्या बांधून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या होत्या. मशीनवर अंगठा उमटेना, म्हणून रेशन दुकानदारानं पाच महिने धान्य दिलं नाही. क्षितिजानं तीन अर्ज केले, उत्तर आलं नाही. मग कुणीतरी तिला एक नंबर दिला आणि दुसऱ्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून दुकानात आले. खिशात एक घडी घातलेला कागद. अंगठा जुळला नाही तरी धान्य कसं द्यायचं, याचा सरकारी आदेश त्यांच्याकडं होता. ते रखमाबाईंना घेऊन रेशन दुकानात गेले, आदेश वाचून दाखवला आणि धान्य घेऊनच बाहेर आले.

हे भालचंद्र राऊत. गाव वटार, घरची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी. टेलिफोन खात्यातून निवृत्त. तरुणपणी लाइनमन होते. खांबावर चढून लाइन तपासताना लोकांची बोलणी कानावर पडायची. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची नोकरी गेली. त्यांच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खांबावरून उतरताना ऐकलेलं वरच ठेवून यायचं. भालचंद्रकाकांनी पस्तीस वर्षं ते पाळलं. नंतर नागरिक खासगी हक्क पक्ष निघाला, तेव्हा वसई तालुक्यात पहिला अर्ज त्यांनी भरला.

पक्ष छोटा होता. मुख्य ऑफिस पुण्यात, राज्यभर मिळून चारेकशे सभासद. म्हणणं साधं होतं. जिथं कायदा मागत नाही तिथं आधारची झेरॉक्स मागू नये. मशीन चुकलं म्हणून माणसाचा हक्क बुडू नये. फेसबुकवर काही लिहिलं म्हणून कुणाला पोलीस चौकीत बसवून ठेवू नये. लोकांची माहिती गोळा करणाऱ्यानं ती कशाला हवी ते आधी सांगावं. वसईत कागदावर अकरा सभासद होते, बैठकीला येणारे तिघं: भालचंद्रकाका, होळी गावचा वकील मर्विन डाबरे आणि आता क्षितिजा. पक्षाचं नाव सांगितलं की लोक विचारायचे, “प्रायव्हेट पार्टी? म्हणजे हॉलमध्ये असते ती?”

महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा पक्षानं प्रभागातल्या महिलांच्या जागेवर क्षितिजाला उभं केलं. मर्विननं चिन्हासाठी कुलूप मागितलं होतं. ते यादीतच नव्हतं. दुसरी-तिसरी पसंती आधीच गेलेली. शेवटी मिळाला सीसीटीव्ही कॅमेरा. मर्विन हसत सुटला, काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. प्रचारात मात्र त्याचा उलटाच परिणाम झाला. लोक खूष होऊन विचारायचे, “आमच्या गल्लीत कधी बसवणार?” आणि क्षितिजाला प्रत्येक वेळी पहिल्यापासून समजवावं लागायचं.

प्रभागात सगळ्यात मोठी वसाहत होती सोनचाफा नगरी. बावीस इमारती. तिथं पक्षाला थोडी ओळख होती, ती सुनंदा भोईरमुळं.

सुनंदा तिथं सात घरची कामं करायची. विरारच्या पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावची, वय सेहेचाळीस. नगरीच्या गेटवर ‘दारकरी’ नावाचं अॅप होतं. प्रत्येक कामवालीचा फोटो, आधार नंबर, घरचा पत्ता त्यात भरलेला. आत जाताना आपला चार आकडी नंबर सांगायचा, वॉचमन तो फोनवर दाबायचा. मालकिणी कामवाल्यांना तारे द्यायच्या, खाली शेरे लिहायच्या. कामवाल्यांना ते दिसायचं नाही.

गेल्या दिवाळीत सी विंगमध्ये एका घरातली सोन्याची बांगडी गेली. अॅपमध्ये पाहिलं तर त्या वेळी सी विंगमध्ये सुनंदा गेल्याची नोंद. प्रत्यक्षात ती बी विंगमध्ये भांडी घासत होती. दुसऱ्या एका बाईला आपला नंबर आठवेना, म्हणून घाईत वॉचमननं जो तोंडात आला तो नंबर दाबला होता. तो सुनंदाचा निघाला. संध्याकाळपर्यंत नगरीच्या कमिटीनं तिचा फोटो ‘सावधान’ म्हणून सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. अॅपवर तिच्या नावापुढं प्रवेश बंद. सातही घरं एका दिवसात सुटली. क्षितिजा आणि मर्विननं महिनाभर पत्रं लिहिली, बी विंगच्या मालकिणीचा जबाब मिळवला, तेव्हा ती नोंद काढली गेली. बांगडी पुढं त्याच घरातल्या तांदळाच्या डब्यात सापडली. सुनंदाची माफी कुणी मागितली नाही.

तिनं रेल्वेलाइनच्या पलीकडं नवीन तीन घरं धरली. तिथं कुणाला काही माहीत नव्हतं. दुकानात येऊन ती क्षितिजाला म्हणाली, “ताई, तुम्ही केलं ते मी विसरनार नाही. पन माझं नाव आता कुठं घेऊ नका. लोकं चोरी ध्यानात ठेवतात, सुटली ते ठेवत नाहीत.”

क्षितिजानं शब्द दिला. काका आणि मर्विनलाही सांगितलं. भाषणात ती फक्त ‘एक बाई’ म्हणायची.

मतदानाला पाच दिवस होते. क्षितिजा दुकानात पत्रकं मोजत बसली होती, तेवढ्यात ऑफिसची बॅग खांद्याला लावलेली एक तरुण बाई आत आली.

“क्षितिजा चुरी तुम्हीच ना? मी ऋतिका कर्णिक. सोनचाफा नगरी, ई विंग.” तिनं फोन पुढं केला. “हा मेसेज तुमचा आहे?”

पक्षाच्या नंबरवरून आलेला मेसेज होता. ‘नमस्कार चिंगी कर्णिक,’ अशी सुरुवात. पुढं लिहिलं होतं, ‘आपल्या नगरीतल्या सुनंदा भोईर यांच्यावर चोरीचा खोटा आळ आला तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण उभं राहिलं? क्षितिजा चुरी. आपलं मत सीसीटीव्ही कॅमेऱ्याला.’ खाली सुनंदाचा फोटो. गेटवर उभं करून काढलेला, डोळे विस्फारलेले.

“चिंगी कोण?” क्षितिजानं विचारलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

“माझी मांजर. अॅपवर खरं नाव द्यायचं नव्हतं म्हणून मी तिचं नाव टाकलं. जगात फक्त ‘दारकरी’ला माझं नाव चिंगी म्हणून माहितीय. मग तुम्हाला कसं कळलं?”

“मला माहीत नाही,” क्षितिजा म्हणाली. “पण मी शोधून काढते. उद्यापर्यंत सांगते तुम्हाला.”

“परवा मी तुमचं भाषण ऐकलं,” ऋतिका म्हणाली. “आवडलं होतं मला.” आणि ती निघून गेली.

पक्षाचा नंबर असलेला फोन काकांकडं असायचा. क्षितिजा दुकान बंद करून रिक्षानं वटारला गेली. काका वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होते. तिनं फोन दाखवला. त्यांनी कोयता खाली ठेवला आणि धोतराला हात पुसले.

“मीच पाठवला,” ते म्हणाले. “दोन हजार एकशे चाळीस लोकांना.”

“यादी कुठून आणली?”

विरारला विपुल नावाचा एकजण प्रचाराची कामं घ्यायचा. त्याच्या वडिलांना काका टेलिफोन खात्यापासून ओळखायचे. विपुलनं आपणहून फोन केला होता. म्हणाला, ही यादी सगळ्या पक्षांनी घेतलीय, तुम्हीच तेवढे राहिलात. ओळखीचे म्हणून तुम्हाला फुकट देतो. नाव घालून मेसेज गेला की लोक वाचतात, आणि खरी गोष्ट, खरा फोटो असला तर आणखी वाचतात. कामवाल्यांचे फोटोही यादीतच होते.

“काका, सुनंदाला मी शब्द दिला होता. तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं.” काका बांधावर बसले. “बाय, सहा वर्षं मी दारोदार फिरतोय. लोक चहा देतात, ऐकतात आणि मत दुसऱ्याला टाकतात. या खेपेला तू उभी. मला वाटलं, एकदा तरी आपलं माणूस निवडून यावं. एकदा आत गेलो की मग सगळं नीट करू. हजारो लोकांचं भलं होईल, तर एका फोटोनं…”

क्षितिजाला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ते इतके ओशाळून बसले होते की तिला ओरडता येईना. “यादी आत्ता पुसा,” एवढंच ती म्हणाली. “विपुलनं पाठवलेला मेसेज तेवढा ठेवा. पुरावा म्हणून लागेल.”

घरी येऊन तिनं सुनंदाला फोन लावला. सुनंदाला आधीच कळलं होतं. नव्या तीन घरांपैकी एका मालकिणीची बहीण सोनचाफा नगरीत राहायची. तिनं मेसेज पुढं पाठवला होता. मालकिणीनं सकाळीच सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

“मेसेजात लिवलंय खोटा आळ म्हनून,” सुनंदा म्हणाली. “पन तिनं फोटो बघितला आनि चोरी वाचलं. बाकीचं कोन वाचतं?”

“सुनंदाताई, चूक आमच्या पक्षाची आहे. मी उद्या येते तुमच्याकडं.”

“या,” सुनंदा म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्विनच्या ऑफिसात तिघं बसले. पुण्याहून पक्षाच्या सरचिटणीस संपदा गोखले फोनवर होत्या. त्यांनी सगळं शांतपणं ऐकून घेतलं.

“झालं ते वाईटच झालं,” संपदाताई म्हणाल्या. “भालचंद्ररावांवर कारवाई होईल, चौकशी समिती नेमू. पण मतदानानंतर. आत्ता बोललात तर राज्यभर आपली टिंगल होईल. नाशकात, साताऱ्यात आपले उमेदवार आहेत, त्यांचा विचार कर. चार दिवस फक्त गप्प राहायचंय.”

“हेच दुसऱ्या पक्षानं केलं असतं तर आपण काय म्हटलं असतं?” क्षितिजानं विचारलं.

“ते वेगळं.”

“कसं?”

मग मर्विन म्हणाला, “कायद्यानं सांगतो. कंपनीवर तक्रार करायची असेल तर यादी आपल्याकडं कशी आली ते लिहावं लागेल. लपवून तक्रार करता येणार नाही.” तो काकांकडं वळला. “तुमचं नाव येईल त्यात, काका.”

“येऊ दे,” काका म्हणाले. “पहिलंच नाव माझं लिही.”

तिथून क्षितिजा आणि काका सुनंदाकडं गेले. दहा बाय दहाची खोली, दारात तुळस. सुनंदानं दोघांना पाणी दिलं, बसायला चटई टाकली, पण स्वतः उभीच राहिली. काकांनी हात जोडले.

“काका,” सुनंदा म्हणाली, “तुमचं मन वाईट नाही, कलतं मला. पन त्या कमिटीवाल्यांनी मला न इचारता फोटो फिरवला आनि तुमी बी न इचारता फिरवला. इचारायला किती येल लागला असता? मी नाही म्हनले असते, म्हनून इचारलं नाही ना?”

काकांनी मान हलवली. तेच खरं होतं.

“आता मी लोकांना सगळं सांगणार आहे,” क्षितिजा म्हणाली. “तुमचं नाव न घेता. पण त्यामुळं चर्चा आणखी वाढेल. तुम्ही नको म्हणालात तर थांबते.”

सुनंदानं पाण्याचे पेले उचलून मोरीत ठेवले. बाहेर शेजारीण कपडे आपटत होती.

“सांगा,” ती म्हणाली. “आता जायचं ते गेलं. निदान ती यादी कुठनं आली ते तरी कलू दे. त्यात बाकीच्या बायका बी आहेत ना? लता हाय, मुन्नी हाय.”

रविवारी सकाळी साडेदहाला क्षितिजा सोनचाफा नगरीच्या मोठ्या गेटसमोर उभी राहिली. परवानगी घेतलेली होती. एक छोटा स्पीकर, एक स्टूल. समोर वीस-पंचवीस माणसं, काही गॅलरीत. दूध आणायला आलेले, मुलांना क्लासला सोडून परतणारे.

तिनं कागद आणला नव्हता. “गुरुवारी तुम्हाला आमच्या पक्षाचा मेसेज आला,” ती म्हणाली. “तुमचे नंबर तुम्ही आम्हाला दिले नव्हते. ते गेटवरच्या अॅपमधून बाहेर गेलेल्या यादीतून आले. यादी आमच्या पक्षाच्या माणसानं घेतली आणि वापरली. एका बाईचा फोटो तिला न विचारता पाठवला. आम्ही ज्याच्या विरोधात बोलतो तेच आम्ही केलं. सायबर पोलिसांकडं काल तक्रार दिलीय, त्यात आमचंही नाव आहे. तुमच्या घराची, तुमच्याकडं काम करणाऱ्या बायकांची, तुमच्याकडं येणाऱ्या पाहुण्यांची माहिती त्या यादीत होती. ती आणखी कुणाकडं आहे हे मला माहीत नाही. तुम्ही कमिटीला विचारा. मी माफी मागते.”

ऋतिका कर्णिक गर्दीत होती. तिनं विचारलं, “मग आम्ही तुम्हाला मत का द्यायचं?”

“नाही दिलंत तरी मला काही म्हणता येणार नाही,” क्षितिजा म्हणाली.

एक गृहस्थ दुधाची पिशवी सांभाळत पुढं आले. “मॅडम, सगळेच करतात हो. तुम्ही बोलून कशाला दाखवलंत?” त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

दुपारपर्यंत कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळीकडं गेला. संध्याकाळी एका मोठ्या पक्षाची रिक्षा भोंगा लावून फिरू लागली, ‘डेटा चोरांना ओळखा.’ त्याच पक्षाचा मेसेज त्याच यादीवरून सगळ्यांना आला. तो ऋतिकालाही आला, पुन्हा चिंगीच्या नावानं. तिनं त्याचा फोटो काढून क्षितिजाला पाठवला. सोबत काही लिहिलं नव्हतं.

क्षितिजाला चारशे बारा मतं पडली. सात उमेदवारांत सहावी. सोनचाफा नगरीच्या बूथवर एकसष्ट. मोजणीच्या हॉलमधून बाहेर आल्यावर तिला रडू येईल असं मर्विनला वाटलं होतं. ती म्हणाली, “भूक लागलीय,” आणि दोघांनी स्टेशनजवळ उभ्यानं वडापाव खाल्ला. काका मोजणीला आले नव्हते. त्यांनी राजीनामा लिहून मर्विनकडं दिला होता.

आठवड्यानं संपदाताईंचं पत्र आलं. क्षितिजानं वरिष्ठांना न विचारता जाहीर निवेदन केलं, म्हणून तिनं सहा महिने पक्षाच्या वतीनं कुठंही बोलू नये. मर्विननं ते दोनदा वाचलं.

“नागरी स्वातंत्र्याच्या पक्षानं तुला गप्प बसायला सांगितलंय,” तो म्हणाला.

“लेखी सांगितलंय,” क्षितिजा म्हणाली. “कारणासकट. अपील कुठं करायचं तेही लिहिलंय. तेवढं बरं आहे.” तिनं अपील केलं. काकांचा राजीनामा मात्र मर्विननं टेबलाच्या खणात टाकला आणि तो पुण्याला पाठवायचं विसरला, असं तो सांगतो.

तक्रारीचं फार काही झालं नाही. ‘दारकरी’ कंपनीनं कळवलं की आमच्याकडून काही बाहेर गेलेलं नाही. विपुलनं ऑफिसची पाटी बदलली. पण सोनचाफा नगरीत लोक स्वस्थ बसले नाहीत. आपल्याकडं कोण पाहुणे कधी आले हे बाहेर फिरतंय, हे कळल्यावर ज्यांना कामवाल्यांच्या फोटोंचं काही वाटलं नव्हतं तेही बैठकीला आले. ऋतिकानं ठराव मांडला. तीन तास भांडण झालं. एक्केचाळीस विरुद्ध चौतीस मतांनी ठरलं की कामवाल्यांचे फोटो, आधार नंबर, तारे आणि शेरे काढून टाकायचे, पण पाहुण्यांची नोंद चालू ठेवायची. काढण्याआधी ज्या बाईला आपल्याबद्दल काय लिहिलंय ते हवं असेल तिनं अर्ज करावा, हे ऋतिकानं शेवटी हट्टानं घालून घेतलं.

सुनंदाचं सुटलेलं काम परत मिळालं नाही. तिनं दुसरं शोधलं, आधीच्यापेक्षा लांब. ती अजून काकांशी फारसं बोलत नाही. पण त्या ठरावानंतरच्या बुधवारी ती दुकानात आली, बरोबर सहा बायका घेऊन. सगळ्यांना आपली नोंद बघायची होती. क्षितिजा एकटी, दुकानात शाळांच्या प्रवेशाची गर्दी. तिनं वटारला फोन केला. काका तासाभरात सायकलवरून आले आणि बाहेरच्या खुर्चीत बसून हातानं अर्ज लिहू लागले. एक बाई नाव द्यायला घाबरली आणि निघून गेली. बाकीच्यांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले.

दोन आठवड्यांनी कागद आले. लताच्या नोंदीत ‘विश्वासू’ लिहिलं होतं, ते तिला चार वेळा वाचून दाखवावं लागलं. दुसऱ्या एकीच्या नावावर तिनं कधी न पाहिलेल्या घराची तक्रार होती. त्यावर मर्विननं पत्र टाकलंय. मुन्नीला पाचपैकी दोन तारे होते आणि शेरा होता, ‘काम चांगलं, पण तोंडाळ.’

काकांनी तो दबकत वाचला. मुन्नीनं कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “ये तो सही लिखा है.” मग त्या मालकिणीनं तीन वर्षांत एकदाही वेळेवर सुट्टी दिली नव्हती, ते तिनं सगळ्या रांगेला ऐकवलं. सुनंदा पोट धरून हसत होती. क्षितिजानं पुढच्या माणसाला आत बोलावलं. त्याला आपल्या आईचं लाइफ सर्टिफिकेट हवं होतं, आणि तो आल्या आल्या ओटीपी मोठ्यानं वाचायला लागला.